आर्नो नदीचा पूर आणि फ्लॉरेन्सचे नगराध्यक्ष प्येरो बार्जेल्लिनी

या महोत्सव-स्मरणिकेसाठी इतिहासपर लेख मागताना संपादकमंडळाने विषयाची निवड आमच्यावरच सोपविली. धर्मग्रामाची हकीकत अन्य पानांवर विस्ताराने येणार असल्यामुळे तिची पुनरुक्ती करण्यात अर्थ नव्हता. मात्र आमच्या धर्मग्रामवासीयांत एक प्रश्न वारंवार निघतो, तो असा की, श्रद्धावान प्रापंचिकाने नगरपालिकेच्या कारभारात पडावे की न पडावे? तेथे म्हणे हात मळल्यावाचून राहत नाहीत. या प्रश्नास सरळ उत्तर देण्यापेक्षा एक मनुष्य वाचकांपुढे उभा करावा, असे आम्हांस वाटले. ज्या मनुष्याची निवड आम्ही केली आहे त्याचे हात अक्षरशः चिखलाने मळले होते. इटलीतील फ्लॉरेन्स नगराचे नगराध्यक्ष प्येरो बार्जेल्लिनी हे ते गृहस्थ होत.

परंतु मनुष्याच्या आधी नदीची ओळख करून घेणे प्राप्त आहे. आर्नो नदी फाल्तेरोना पर्वतावर उगम पावते आणि सुमारे २४१ किलोमीटर वाहून पिसा नगराच्या पलीकडे समुद्रास मिळते. उन्हाळ्यात ती इतकी क्षीण असते की, हिच्यावर इतके मोठे पूल कशासाठी बांधले असतील, असे परक्या प्रवाशास वाटावे. परंतु पूर्वेकडील डोंगरांत शरदऋतूचा पाऊस कोसळला की तीच नदी काही तासांत राक्षसी रूप धारण करते. फ्लॉरेन्स शहर तिच्या दोन्ही तीरांवर वसलेले असल्यामुळे नगराचे वैभव आणि नगराचे भय ही दोन्ही त्याच एका प्रवाहातून आलेली आहेत. लोकर धुण्यास व रंगविण्यास पाणी हवे होते, ते नदीने दिले. त्या लोकरीच्या व्यापारातून सावकार झाले आणि सावकारांच्या पैशातून मंदिरे व चित्रे झाली.

या नदीच्या महापुरांपैकी पहिला सविस्तर वर्णिलेला पूर ४ नोव्हेंबर १३३३ चा. नगराचा बखरकार जोव्हान्नी व्हिल्लानी याने तो स्वतः पाहिला व लिहून ठेवला. नगरातील सर्व घंटा अखंड वाजत होत्या, लोक छपरांवर चढून परमेश्वराची करुणा भाकीत होते, आणि घराघरांतून तसराळी व भांडी बडविली जात होती, असे तो सांगतो. पोन्ते वेक्क्यो म्हणजे ‘जुना पूल’ वाहून गेला. आज दिसतो तो १३४५ च्या सुमारास बांधलेला. आरंभी तीन हजार माणसे बुडाली अशी आवई उठली होती, परंतु मोजदाद केल्यावर मृतांचा आकडा सुमारे ३०० निघाला, हेही व्हिल्लानी प्रामाणिकपणे नमूद करतो. आम्हांस या बखरकाराविषयी आदर वाटतो तो एवढ्यासाठीच. आपत्तीत आकडे फुगविण्याचा मोह ज्यास आवरतो, त्याचे इतर सांगणेही विश्वासास पात्र ठरते.

त्या वेळी फ्लॉरेन्समध्ये एक मोठा वाद माजला. हा पूर ग्रहनक्षत्रांच्या योगाने आला, की पातकांची शिक्षा म्हणून परमेश्वराने धाडला? ज्योतिष्यांनी एक मत दिले, धर्मपंडितांनी दुसरे. नेपल्सचा राजा रॉबर्ट याने नगरवासीयांस सांत्वनाचे दीर्घ पत्र पाठविले, तेही व्हिल्लानीने आपल्या बखरीत उतरून घेतले आहे. परंतु वादाच्या या गर्दीत त्याने एक साधे कारणही सांगून ठेवले. गिरण्यांसाठी नदीत आडवे बंधारे घातल्यामुळे पात्र उंचावले होते. पुरानंतर नगरसभेने पुलांच्या आसपास असे बंधारे घालण्यास मनाई केली. पश्चात्ताप व बंधारेबंदी, दोन्हींची आवश्यकता त्या लोकांना दिसली होती. यात धर्मशास्त्राच्या दृष्टीने काही विसंगत आहे असे आम्हांस वाटत नाही.

आता सान्ता क्रोचे, म्हणजे ‘पवित्र क्रूस’ या मोहल्ल्याकडे वळू. जुने रोमन नगर थोड्या उंचवट्यावर होते. त्याच्या पूर्वेस, तटाबाहेर, नदीकाठच्या दलदलीच्या सखल जागेत रंगारी, लोकर पिंजणारे व मोलमजूर राहत. संत फ्रान्सिसचे मठवासी तेराव्या शतकात फ्लॉरेन्सला आले तेव्हा त्यांनी मठासाठी जागा निवडली ती येथेच, गरिबांच्या शेजारी. पुढे त्या मठाचे भव्य मंदिर झाले, त्यात जोत्तोने भित्तिचित्रे रंगविली, मायकेलअँजेलो व गॅलिलिओ यांच्या समाधी झाल्या. परंतु जमीन सखल ती सखलच राहिली. आर्नो फुगली की प्रथम सान्ता क्रोचे बुडते. गरिबांची वस्ती व नदीची वाट एकच असावी, हा प्रकार आपल्याकडील वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही.

याच मोहल्ल्यातील एका गल्लीत, पिंझोकेरे या नावाच्या रस्त्यावर, बार्जेल्लिनी यांचे घर होते. पिंझोकेरे म्हणजे मठात न राहता व्रतस्थपणे जीवन कंठणाऱ्या तृतीय संघाच्या स्त्रिया. त्यांच्यावरून त्या गल्लीस नाव पडले. बार्जेल्लिनी यांचा जन्म १८९७ साली फ्लॉरेन्समध्येच झाला. पहिल्या महायुद्धात त्यांनी सैनिक म्हणून काम केले व पुढे शिक्षणखात्यात आयुष्याची बरीच वर्षे घालविली. परंतु त्यांची खरी ख्याती लेखक म्हणून. १९२९ साली निघालेले ‘इल् फ्रोन्तेस्पित्स्यो’ हे कॅथॉलिक वाङ्मयीन मासिक त्यांनी अनेक वर्षे चालविले. त्या काळी इटलीत मुसोलिनीची सत्ता होती आणि या मासिकाने तिच्याशी जुळते घेतले, हेही येथे सांगितले पाहिजे. चरित्रनायकाच्या गौरवासाठी इतिहासाची पाने फाडता येत नाहीत. १९३३ साली त्यांनी सिएन्नाचे संत बेर्नार्दिन यांचे चरित्र लिहिले, त्याने त्यांचे नाव घरोघर पोहोचले. येशूच्या पवित्र नामाची भक्ती गावोगाव पसरविणारे हेच ते संत. आपल्या वेदीवर व पवित्र वस्त्रांवर किरणांच्या वर्तुळात जी तीन अक्षरे आपण पाहतो, ती लोकप्रिय करण्याचे श्रेय मुख्यतः त्यांचे. १४२४ सालच्या उपवासकाळात त्यांनी सान्ता क्रोचे येथे प्रवचने केली होती.

बार्जेल्लिनी सार्वजनिक कारभारात आले ते १९५१ साली, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी. त्या वर्षी जोर्जो ला पीरा हे फ्लॉरेन्सचे नगराध्यक्ष झाले. ला पीरा हे विद्यापीठात रोमन कायद्याचे अध्यापक, सन्त मार्को येथील डॉमिनिकन मठातील खोलीत राहणारे ब्रह्मचारी, आणि हाती आलेला पैसा गरिबांस देऊन टाकणारे. बेघरांसाठी घरे बांधणे व बंद पडणारा पिन्योने कारखाना वाचविणे, ही त्यांची कामे इटलीभर गाजली. २०१८ साली पवित्र सभेने त्यांस ‘वंदनीय’ ही पदवी दिली. अशा पुरुषाच्या कारभारीमंडळात बार्जेल्लिनी यांनी कलाविषयक खाते सांभाळले. ला पीरा यांच्या तेजापुढे त्यांचे काम थोडे झाकोळलेच. १९६४ साली त्यांनी फ्लॉरेन्सचा विस्तृत इतिहास प्रसिद्ध केला. नगराचा इतिहासकार म्हणून लोक त्यांस मानीत, पुढारी म्हणून फारसे नव्हे. त्यामुळे १९६६ साली, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, ते नगराध्यक्ष झाले तेव्हा, पक्षापक्षांच्या ओढाताणीत एक सर्वमान्य वृद्ध सापडला, इतकेच पुष्कळांस वाटले असेल. नगरमंदिराच्या, म्हणजे पालाझ्झो वेक्क्योच्या, दारावर ख्रिस्त हा राजांचा राजा असल्याची घोषणा लॅटिनमध्ये कोरलेली आहे. त्या दाराने आत जाण्याचे भाग्य त्यांच्या वाट्याला आले आणि काही महिन्यांतच पूर आला.

१९६६ च्या नोव्हेंबरच्या ३ व ४ तारखांस तोस्कानाच्या डोंगरांत अपूर्व पाऊस झाला. एका ठिकाणी दोन दिवसांत सुमारे ४३७ मिलिमीटर पडला. कोकणपट्टीच्या माणसास हा आकडा नवलाचा वाटणार नाही. परंतु ज्या देशात वर्षाचा पाऊसच हजाराच्या आसपास, तेथे तो प्रलय होय. ४ नोव्हेंबर हा इटलीत पहिल्या महायुद्धातील विजयाच्या स्मरणाचा सुटीचा दिवस. दुकाने बंद, कचेऱ्या बंद, लोक आपापल्या घरी निजलेले. आणि तारीखही तीच, जी १३३३ सालच्या पुराची होती.

रात्रीतच नदी काठोकाठ आली. पोन्ते वेक्क्योवरील सोनारांना पहारेकऱ्यांनी निरोप धाडले, आणि त्यांपैकी कित्येकांनी अंधारात धावत येऊन आपला माल वाचविला. परंतु नगराला सावध करणारा सार्वजनिक इशारा दिला गेला नाही. इटलीत सार्वजनिक सुरक्षिततेचा भार रोमहून नेमलेल्या प्रीफेक्टवर असतो. नगराध्यक्ष हा लोकनियुक्त, त्याच्या हाती फौज नाही की अग्निशामक दळ नाही. मध्यरात्री लोकांस उठविले तर घबराट होईल, ही भीती अधिकाऱ्यांच्या मनात असणे शक्य आहे. तथापि आमच्या मते हा युक्तिवाद टिकणारा नाही. सोनारास जे कळले ते सान्ता क्रोचेच्या तळघरात राहणाऱ्या म्हातारीस का कळू नये? ज्याने नगराचा इतिहास लिहिला त्यास १३३३ साल ठाऊक नव्हते असेही कोणी म्हणू शकणार नाही. बार्जेल्लिनी यांच्याविषयी पूर्ण आदर राखूनही त्या रात्रीचा हा भाग आम्ही वगळू शकत नाही.

पहाटे पाणी नगरात शिरले. सकाळी ७ वाजून २६ मिनिटांनी विजेवर चालणारी घड्याळे थांबली, आणि त्या घटकेला नगर अंधारात व मौनात बुडाले. टेलिफोन गेले, पाण्याचे नळ गेले. हिवाळा तोंडावर असल्यामुळे घरे उबदार ठेवण्यासाठी तळघरांतील टाक्या जळाऊ तेलाने नुकत्याच भरलेल्या होत्या. त्या फुटल्या आणि ते काळे तेल पुराच्या पाण्यावर पसरले. म्हणूनच फ्लॉरेन्सच्या भिंतींवरील पुराची खूण नुसत्या मातीची नव्हे, काळ्या तेलाची होती. सान्ता क्रोचेजवळील नेरी रस्त्यावर पाणी ४.९२ मीटरपर्यंत चढले. बाप्तिस्मामंदिराच्या, घिबेर्तीने ओतलेल्या ‘स्वर्गद्वारा’च्या दहा पटलांपैकी पाच उखडली. राष्ट्रीय ग्रंथालयातील दहा लाखांहून अधिक ग्रंथ व कागद चिखलात गेले. मुराते तुरुंगातील कैदी छपरांवर चढले आणि शेजारच्या घरांतील लोकांनी त्यांपैकी कित्येकांस आत घेतले. फ्लॉरेन्स नगर व जिल्हा मिळून ३५ माणसे प्राणास मुकली.

धरणांविषयी येथे दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण आमच्या वाचकांस पुण्याचे पानशेत धरण आठवल्यावाचून राहणार नाही. पुण्यास १२ जुलै १९६१ रोजी जो प्रलय झाला तो धरण फुटल्यामुळे. फ्लॉरेन्सच्या वर आर्नोवर वीजनिर्मितीची दोन धरणे आहेत, ला पेन्ना व लेव्हाने. ती फुटली नाहीत. परंतु त्यांतून पाणी केव्हा व किती सोडले, आणि त्याने पुराचा लोंढा वाढला काय, याविषयी पुढे पुष्कळ वर्षे वाद चालला. धरण फुटले असते तर दोष दाखविणे सोपे गेले असते. येथे पाऊस, पात्र, धरण व हलगर्जी असे अनेक धागे एकमेकांत गुंतलेले होते.

बार्जेल्लिनी यांची खरी कारकीर्द सुरू झाली ती या दिवशी. नगरमंदिरात ते पाण्याने वेढले गेले. बाहेरच्या जगास फ्लॉरेन्सची अवस्था कळेना. एका आकाशवाणी वार्ताहराने आपल्या कचेरीच्या खिडकीतून ध्वनिग्राहक बाहेर धरला आणि रस्त्यातून धावणाऱ्या पाण्याचा आवाज देशास ऐकविला, तेव्हा कोठे लोकांची खात्री पटली. रोमच्या सरकारची मदत हळूहळू आली. अशा वेळी ज्याच्या हाती ना फौज, ना पैसा, अशा नगराध्यक्षापाशी काय होते? त्याच्यापाशी शब्द होते आणि नगराची ओळख होती. बार्जेल्लिनी यांनी इटलीस व जगास साद घातली. ते स्वतः सर्वाधिक बुडालेल्या मोहल्ल्याचे रहिवासी होते. चिखलातून चालत ते लोकांत मिसळत, तेव्हा कोणी त्यांस परका अधिकारी म्हणू शकत नव्हते. पूर ओसरल्यावर प्रजासत्ताकाचे अध्यक्ष साराग़ात पाहणीस आले, तेव्हा सान्ता क्रोचेच्या लोकांनी त्यांच्यासमोर आपला संताप व्यक्त केला. लोकांना पाणी व भाकर हवी होती. आपल्या नगराध्यक्षास मात्र त्यांनी प्रेमाने ‘पुराचे नगराध्यक्ष’ हे नाव दिले, व तेच पुढे चिकटून राहिले.

पाणी एका दिवसात ओसरले. चिखल मात्र राहिला. सुमारे सहा लाख टन चिखल, म्हणजे माणशी एक टनाहून अधिक. सुमारे ६,००० दुकाने व कारखाने उद्ध्वस्त झाले. चामड्याचे, सोन्याचे, लाकडावरील कोरीव कामाचे पिढीजात कारागीर एका सकाळी हत्यारांवाचून उरले. मिझेरिकोर्दिया या नावाचा प्रापंचिकांचा सेवासंघ १२४४ पासून फ्लॉरेन्समध्ये रुग्णांची व मृतांची सेवा करीत आला आहे. त्याचे बंधू कामास लागले. धर्मग्रामांच्या सभागृहांतून अन्नवस्त्र वाटले जाऊ लागले आणि साम्यवादी पक्षाच्या लोकगृहांतूनही तसेच. एरवी जे एकमेकांस रस्त्यात ओळख देत नसत, ते एकाच रांगेत उभे राहून बादल्या पुढे देत होते. बार्जेल्लिनी ख्रिस्ती लोकशाही पक्षाचे, परंतु त्या आठवड्यांत पक्षाचा शिक्का पाहून कोणास घोंगडी दिली गेली नाही. मोहल्ल्यामोहल्ल्यांत समित्या निर्माण झाल्या आणि पुढे नगरकारभारात मोहल्ल्यांस जो आवाज मिळाला त्याचे मूळ या समित्यांत आहे.

जगातून तरुणांची रीघ लागली. राष्ट्रीय ग्रंथालयाच्या तळघरांतून हातोहात ग्रंथ वर काढणाऱ्या या मुलामुलींस लोक ‘चिखलातले देवदूत’ म्हणू लागले. अमेरिकेत इटालियन कला वाचविण्यासाठी समिती निघाली. येथे एक कटू गोष्टही घडली. जगाचे डोळे चिमाबुएच्या क्रूसाकडे लागले होते. सान्ता क्रोचे येथील त्या तेराव्या शतकातील भव्य रंगविलेल्या क्रूसाचा बहुतेक रंग पाण्याने धुऊन नेला होता. परंतु नगराच्या पश्चिमेस ब्रोत्सी, सान दोन्निनो, काम्पी बिसेन्त्स्यो येथील सखल गावांत पाणी कित्येक दिवस तुंबून राहिले, आणि तिकडे फारसे कोणी छायाचित्रकार गेले नाहीत. चित्रांसाठी पैसा येतो, माणसांसाठी येत नाही, अशी तक्रार तेव्हा झाली. ती निराधार नव्हती. बार्जेल्लिनी यांची अडचण अशी की, कलेच्या नावाने हाक दिली तरच जग ऐकत होते, आणि ती हाक देण्यास त्यांच्याहून अधिक योग्य पुरुष इटलीत नव्हता. ती हाक त्यांनी दिली. नगराचे पोट या कलेवरच आहे, हे जाणणाऱ्या नगराध्यक्षाने दुसरे काय करावयास हवे होते, हे आम्हांस सांगता येत नाही.

त्या वर्षीच्या नाताळच्या पूर्वरात्री पोप सहावे पॉल स्वतः फ्लॉरेन्सला आले. सान्ता क्रोचे येथे जाऊन त्यांनी पूरग्रस्तांची भेट घेतली आणि मध्यरात्रीची मिस्सा नगराच्या महामंदिरात अर्पण केली. पन्नास दिवसांपूर्वी त्याच महामंदिराच्या चौकात नदी वाहत होती.

कारकिर्दीचा उरलेला भाग थोडक्यात सांगता येतो. १९६७ सालीच बार्जेल्लिनी पायउतार झाले. एका वर्षाहून थोडे अधिक एवढीच त्यांची अध्यक्षपदाची मुदत. १९६८ साली ते रोमच्या वरिष्ठ सभागृहात निवडून गेले. अखेरपर्यंत लेखन चालू ठेवून १९८० साली ते निवर्तले. ला पीरा यांच्या नावाने जसा एक विचार ओळखला जातो, तसा बार्जेल्लिनी यांच्या नावाने ओळखला जात नाही. त्यांच्या नावाने एक हिवाळा ओळखला जातो.

नदीच्या बाबतीत सरकारने एक तज्ज्ञमंडळ नेमले. १९७० साली आपत्तिनिवारणाचा देशव्यापी कायदा झाला. सत्तरीच्या दशकाअखेरीस पोन्ते वेक्क्यो व सान्ता त्रिनिता या पुलांखालील पात्राची फरसबंदी सुमारे एक मीटर खोल करण्यात आली, म्हणजे व्हिल्लानीने जी गोष्ट सांगितली होती ती सहा शतकांनी अमलात आली. आर्नोस मिळणाऱ्या सिएव्हे नदीवर बिलान्चिनो येथे धरण बांधले गेले. तरीही तज्ज्ञ म्हणतात की १९६६ सारखा पाऊस पुन्हा पडल्यास फ्लॉरेन्स पूर्णपणे निर्धास्त राहणार नाही. व्हासारीने रंगविलेले ‘अखेरचे भोजन’ हे फलकचित्र पुराने असे विदीर्ण केले होते की चाळीस वर्षे त्यास हात लावण्याचे धैर्य होईना. २०१६ साली, पुरास पन्नास वर्षे झाली तेव्हा, ते दुरुस्त होऊन सान्ता क्रोचे येथे पुन्हा लावण्यात आले. आणि पाणी चढू लागल्यास ते वर उचलता यावे अशी यंत्राची योजनाही सोबत केली आहे.

सान्ता क्रोचेजवळ सान रेमिज्यो नावाची एक अरुंद गल्ली आहे. तेथील भिंतीवर १३३३ च्या पुराची खूण आहे: पाण्याच्या लाटेची कोरीव रेघ व तिच्याकडे बोट दाखविणारा दगडी हात. तिच्या वर १९६६ ची खूण बसविलेली आहे.